ताई उठते त्या जागा

४ मार्च, मंगळवार

पटकथेची पहिली वीस पानं परत आली! पुन्हा.

समासात एक अक्षर नाही. नुसता फोन. दिग्दर्शक म्हणाला, ‘बाई, गोष्ट कधी सुरू होते?’ मी म्हटलं, एकविसाव्या पानावर. ‘मग आधीच्या वीस पानांचं मी काय करू?’

बरोबर आहे त्याचं. म्हणून तर जास्त राग आला.

गोष्ट काय, साधी आहे. एक मुलगी बस चालवायला लागते आणि नेमका तोच रस्ता तिच्या वाट्याला येतो, ज्या रस्त्यावर तिच्या वडिलांची बस दरीत गेली होती. बस्स, एवढंच. पण हे ‘एवढंच’ कळायला प्रेक्षकाला काय काय माहीत हवं! वडील ड्रायव्हर होते. ठपका त्यांच्यावर आला. खरं तर ब्रेक धड नाहीत हे मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं. ते ज्याने दडपलं तो डेपोचा साहेब. आणि साहेब म्हणजे मुलीचा सख्खा मामा, ज्याने पुढे तिला वाढवलं, नोकरीला लावलं! हे सगळं सांगून होईपर्यंत माणूस थिएटरबाहेर जाऊन, चहा पिऊन, घरी पोचून झोपलेला असेल. नमनालाच घडाभर तेल.

महिनाअखेरची मुदत. नाहीतर — ‘दुसऱ्या कुणाकडून एक हात फिरवून घेऊ.’ म्हणे एक हात! या गोष्टीत माझी वर्षं गेली आहेत. दुसऱ्याचा हात फिरला की तिच्यात माझं काय राहील? नाव राहील, तेही श्रेयनामावलीच्या तळाशी.

५ मार्च, बुधवार

ताईला सांगायला सुरुवात केली.

आधी ताई, मग जग — ही आमची रीत. वाचून दाखवायचं नाही, तोंडी सांगायचं. संध्याकाळी ती खिडकीशी खुर्चीत बसते, हातात काहीतरी निवडायला नाहीतर सोलायला. ती ‘मग?’ म्हणाली की पास. उठली की गोष्ट तिथे मेली. तोंडाने कधी नावं ठेवत नाही, नुसती उठते. पाणी प्यायला, गॅस बघायला, दार लागलंय का पाहायला. मी ती जागा लक्षात ठेवते आणि सकाळी ते पान काढून टाकते. भावजी गेल्यापासून आम्ही दोघी एका घरात राहतो आणि तेव्हापासून माझ्या लिखाणाला हा एकच परीक्षक. जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली बाई. सिनेमातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण कंटाळलेली पोरं तिने इतकी पाहिलीत की कंटाळा हा विषय तिच्याकडूनच शिकावा!

आज मामाच्या बढतीपर्यंत पोचले होते. उठली.

‘काय गं?’

‘काही नाही. तू सांग. ऐकतेय मी.’

आतल्या खोलीतून!

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर मामाच्या तोंडी, मुलीच्या आईशी बोलताना, वाक्यं घालून पाहिली. ‘ताई, तुला तर माहीतच आहे, दहा वर्षांपूर्वी भावजींची बस…’

माहीतच आहे तर कशाला सांगतोस रे मेल्या!

हीच तर गोची आहे. ज्यांना सगळं माहीत आहे ती माणसं एकमेकांना काही सांगत नाहीत. आमची ताई कधी म्हणेल का, ‘ये, माझ्या धाकट्या, पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या बहिणी, चहा घे’? ती म्हणते, ‘गार होतोय.’ त्या दोन शब्दांत आमची सगळी हकीकत आहे, पण ती आमच्यापुरती. बाहेरच्याला काय कळणार?

वर्तमानपत्राचं कात्रण भिंतीवर लावून पाहिलं. हार घातलेला फोटो लावून पाहिला. गावात नवीन आलेला, सारखे प्रश्न विचारणारा एक पाहुणा आणला. इतका आगाऊ झाला की मलाच त्याला दरीत ढकलावंसं वाटलं. सगळं फाडलं.

संध्याकाळी ताईपुढे रडगाणं गायले. ती म्हणाली, ‘तू पक्षापासून सुरुवात करतेस म्हणून. दिलेलं हे, दिलेलं ते, काटकोन, समांतर रेषा — पोरं जांभया देणारच. मी आधी फळ्यावर साध्य लिहायची. हे सिद्ध करायचंय म्हटलं की तीच विचारतात, बाई, दिलंय काय?’

आणि उठून गॅलरीत गेली.

एवढं लाखमोलाचं सांगितलं आणि माझं ‘हो गं!’ ऐकायलासुद्धा थांबली नाही.

९ मार्च, रविवार

जमलं! निदान सुरुवात तरी.

बस भरलेली. घाट चढतेय. मुलगी चालवतेय, अगदी सफाईने. एका वळणाच्या अलीकडे ती गाडी थांबवते. इंजिन चालू. मागे गाड्या तुंबल्यात, भोंगे वाजताहेत, प्रवासी ओरडताहेत — ‘अहो बाई, चला की! झोप लागली का?’ ती स्टिअरिंग धरून बसलेली. वळण घेत नाही.

बस्स. का थांबली ते सांगायचं नाही. आता विचारा म्हणावं, दिलंय काय!

ताईने खुर्चीत पुढे वाकून ‘मग?’ म्हटलं. हल्ली असं वाकत नाही ती. मला इतका आनंद झाला की मी लगेच पुढच्या पानावर एका म्हाताऱ्या प्रवाशाकडून अपघाताची सगळी हकीकत सांगवली. अर्थात उठली.

१२ मार्च, बुधवार

निर्मात्याच्या घरी बैठक. गुबगुबीत सोफा, बसलं की उठता येत नाही.

निर्माता म्हणतो, ‘एक छानसा आवाज घालू ना सुरुवातीला. धीरगंभीर. अमुक साली असं असं झालं. माझ्या आईला कळलं पाहिजे.’ दिग्दर्शक म्हणतो, ‘आवाज घातला तर मी उठून जाईन.’ निर्माता म्हणतो, ‘आई उठून गेली तर?’ म्हणजे उठून जाणारे इथेही आहेतच! मी चहा पीत राहिले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, पोहता न येणारी.

एकाला सगळं सांगून हवंय, दुसऱ्याला काहीच नको. आणि मला खरंच माहीत नाही कोण बरोबर ते. हे कुणाला बोलून दाखवता येत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, आणि माणसाला कधी काय सांगावं एवढंही कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

ताई आज सारखी उठत होती. विसाची चौदा पानं झाली; बापाची शेवटची सकाळही गेली.

१६ मार्च, रविवार

आज तर बसलीच नाही. मी सांगायला लागले आणि ती इस्त्री घेऊन उभी राहिली. पडदे! आमच्या घरात पडद्यांना कधी इस्त्री झाली होती?

फार लागलं मला. उठून जाणं वेगळं. पण सुरुवातीपासूनच उभं राहायचं म्हणजे — ऐकायच्या आधीच कंटाळा! रागारागात भराभरा सांगितलं. मेकॅनिक मुलीला ब्रेकची सगळी कथा सांगतो तो प्रसंग आला, माझा सगळ्यांत लाडका, आणि ताई इस्त्री तशीच उभी ठेवून आत गेली. बराच वेळ आली नाही.

ठीक आहे. तोही कापला.

त्याऐवजी एवढंच ठेवलं — मुलगी पहिल्या दिवशी गाडीची किल्ली घ्यायला येते. मेकॅनिक तिच्याकडे बघतो. जेवता जेवता डबा बंद करतो, गाडीखाली शिरतो. बाहेर येतो, हात पुसतो, मान हलवतो. मगच तिला किल्ली घेऊ देतो. एक शब्द नाही.

हे चांगलं आहे, मला कळतंय. पण चांगलं लिहून इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

दिग्दर्शकाच्या ऑफिसात वाचन. अकरा पानं. कॅमेरावाला, कलादिग्दर्शक, निर्माता, सगळे होते. मेकॅनिक गाडीखाली गेला तेव्हा खोलीत कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. निर्माता मध्येच म्हणाला, ‘अहो, पण हिच्या वडिलांचं झालं काय?’ दिग्दर्शकाने टाळीच वाजवली — ‘विचारलंत ना! झालं! आता तुमची आईपण विचारेल!’

मला म्हणाला, ‘याला आता हात लावू नका.’ म्हणजे पास. फक्त मामाचा प्रसंग राहिला. मामानेच ते सगळं दडपलं होतं हे मुलीला कळतं तो. सध्या तिथे मामा तिला समोर बसवून शांतपणे सगळं सांगतो. दिग्दर्शक म्हणतो, सरकारी निवेदन वाटतं. खरंय. महिनाअखेरपर्यंत तो जमला तर पटकथा माझी, नाहीतर तो ‘एक हात’.

घरी येऊन ताईला म्हटलं, तुझ्यामुळे झालं हो! ‘माझ्यामुळे कसलं?’ म्हणाली. कापराच्या वड्या ठेवाव्या तशी कसलीशी पाकिटं कपाटात सारखी करत होती.

२२ मार्च, शनिवार

मामाचा प्रसंग सांगत होते. दुसऱ्याच वाक्याला ताईने इस्त्री खाली ठेवली आणि दाराकडे वळली. माझा संयम सुटला.

‘बस ना गं एका जागी! पाच मिनिटं! इतका कंटाळा येतो माझा?’

‘कंटाळा कुणाला आलाय!’ ती अशी ओरडली की मी दचकले. वर्गातसुद्धा कधी ओरडली नसेल. ‘बसवत नाही मला! बसलं की कंबरेत सुऱ्या घुसतात. उभी राहून ऐकते तर तुझा अपमान होतो. आत जाऊन भिंतीला टेकते दोन मिनिटं, तर तू तोंड पाडून बसतेस! आता काय करू? आडवी पडून ऐकू? चालेल बाईसाहेबांना?’

आणि खरंच भिंतीला टेकली. कपाळावर घाम.

आता हे लिहायची लाज वाटते, पण हे पान माझं एकटीचं आहे. तिचं बोलणं संपायच्या आत माझ्या डोक्यात आलं — माहिती अशी द्यायची असते! मामाने समजावून सांगायचंच नाही. भांडणात त्याच्या तोंडून सुटलं पाहिजे, हातातलं भांडं फेकून मारावं तसं. एकदम बरोबर! ताई भिंतीला धरून उभी आहे आणि मला प्रसंग सुचतोय. काय माणूस आहे मी!

तिला धरून पलंगावर नेलं. पाठ शेकली. ‘कधीपासून गं?’ विचारलं तर म्हणाली, ‘वय झालं, दुसरं काय.’

मग एकटी स्वयंपाकघरात बसले आणि तेव्हा उजेड पडला. म्हाताऱ्या प्रवाशाची हकीकत, मेकॅनिकचं बोलणं, बापाची शेवटची सकाळ — जिथे जिथे मी कातरी लावली तिथे गोष्ट मेली नव्हती. तिथे फक्त ताईची पाठ दुखत होती.

२४ मार्च, सोमवार

ताईला डॉक्टरांकडे नेलं. येणार नाही म्हणत होती. मग एकदम म्हणाली, ‘चल, पण डॉक्टर माझ्या पसंतीचे.’ लांबच्या हॉस्पिटलात जायचं होतं. टॅक्सीत मागच्या सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. लहानपणी माझं डोकं तिच्या मांडीवर असायचं. मला रडू येत होतं आणि ती ड्रायव्हरला डावीकडे-उजवीकडे सांगत होती.

डॉक्टरांनी तपासलं. पाठीचे फोटो काढले. गुरुवारी या म्हणाले.

२५ मार्च, मंगळवार

लिहिलं नाही काही. मामा तसाच उभा आहे, तोंड उघडून.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, ‘हे पाठीचं दुखणं नाही. पाठीत उतरलंय.’

मी म्हटलं, काय उतरलंय? त्यांनी आधी ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली तेव्हा त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.

मग म्हणाले, ‘दुखणं कमी करू. तेवढं नक्की करू.’

एवढंच? मी म्हटलं, नीट सांगा. पहिल्यापासून सांगा. कुठे सुरू झालं, कसं पसरलं, कधी कळायला हवं होतं, आता किती, पुढे काय, मग काय — सगळं. वेळ लागू दे. मी! जिने वीस पानांची अकरा केली, जी कुणाला एक वाक्य जास्त बोलू देत नाही, ती मी टेबल धरून बसले होते. सगळं पाल्हाळ हवं होतं मला. एकही ओळ कापायला नको होती.

ताई म्हणाली, ‘अगं, दिलंय ते दिलंय. चल, त्यांचे बाकीचे पेशंट थांबलेत.’

डॉक्टर हसले. मला त्यांना मारावंसं वाटलं.

२९ मार्च, शनिवार

औषधाने दुखणं खरंच उतरलंय. ताई पलंगावर आडवी असते. संध्याकाळी स्वतःच म्हणाली, ‘काय झालं तुझ्या मामाचं?’

सांगितलं. आता ती उठत नाही. प्रत्येक वाक्याला ‘मग?’ म्हणते. डोळे मिटलेले. मला कसं कळणार गोष्ट कुठे मरते ते? माझा तराजूच गेला. आणि या वेळी मला तराजू आठवतो, ही आणखी एक लाज.

शेवटी विचारलंच, ‘ताई, खरं सांग. मी कापलं ते सगळं चांगलं होतं का गं?’

मला वाटलं झोपली. मग म्हणाली, ‘म्हातारा प्रवासी बरा होता. पण मामाची बढती! देवा रे. पाठ दुखत नसती तरी उठले असते.’

इतकं हसलो दोघी! हसताना तिला कळ आली, मग थांबलो.

३० मार्च, रविवार

भाच्याला सांगायला हवं. ताईचा एकुलता एक, नोकरीनिमित्त परदेशात. आठवड्यातून एकदा आईशी बोलतो. ताईला म्हटलं, त्याला कळवू. ‘आत्ता काही सांगू नकोस,’ म्हणाली. ‘मी बघते. तू तुझं काम उरक आधी.’

म्हणजे सांगणार नाही. ओळखते मी हिला. भावजींच्या वेळीही शेवटपर्यंत ‘थोडा अशक्तपणा आहे’ म्हणत होती सगळ्यांना.

मलाच सांगावं लागेल. कसं? कागद घेऊन बसले. ‘आईला बरं नाही’ — कुणालाही म्हणतात, सर्दीलासुद्धा. ‘घाबरू नकोस, पण’ — या ‘पण’ला माणूस घाबरतोच. आधी पाठ, मग फोटो, मग डॉक्टर? तोवर तो पलीकडे वेडा होईल. की आधी शेवट? साध्य फळ्यावर? नाही, नाही. त्याला ते वाक्य ऐकायचं नसेल आणि मला ते म्हणायचं नाही. यात काय उत्सुकता वाढवायची, काय राखून ठेवायचं? इतक्या वर्षांचं शहाणपण, आणि एका पोराला त्याच्या आईबद्दल एक वाक्य सांगता येत नाही. सगळे कागद फाडले.

३१ मार्च, सोमवार

मामाचा प्रसंग दिला. भांडण. मामाच्या तोंडून सुटतं — ‘हो, दाबलं मी! तुझ्या आईच्या घरात चूल पेटत राहावी म्हणून दाबलं!’ आणि मग दोघांनाही कळतं की आता हे परत तोंडात घालता येणार नाही.

दिग्दर्शकाचा तासाभरात फोन. ‘हात वगैरे काही फिरवायचा नाही. तुमचंच राहील सगळं. कुठून आणलंत हो हे?’

घरून, म्हटलं.

काहीच वाटलं नाही. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातात आलं आणि मी विचार करत होते, ताईला उशी उंच हवी की सखल.

२ एप्रिल, बुधवार

ताईचा डोळा लागला तेव्हा गॅलरीत जाऊन भाच्याला फोन लावला. ‘अरे, तुझ्या आईचं —’

‘मावशी, मला माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘आईला कळलं त्याच दिवशी तिने मला सांगितलं. थंडीत. ते डॉक्टर तिचे तेव्हापासूनचेच. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.’

मला का नाही?

‘आई म्हणाली, मावशीला कळलं तर ती मला रोज संध्याकाळी गोष्ट सांगणार नाही, नुसती माझ्याकडे बघत बसेल.’

म्हणजे डॉक्टरांकडे मी तिला नेलंच नव्हतं. तिने मला नेलं होतं.

राग आलाय. खूप राग आलाय. आत आले तर ती जागी. ‘कुणाचा गं फोन?’

‘दिग्दर्शकाचा,’ म्हटलं, आणि गोष्ट सांगायला खुर्ची पलंगाजवळ ओढली.